एकोणतीसचा पाढा आणि आठशे चाळीस किलो डिंक

ती. भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. आज रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितो आहे. घरातली बाकी दोन माणसं झोपली आहेत, म्हणजे पावणेनऊपर्यंत तरी "काय लिहिताय" असं मला कोणी विचारणार नाही. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही "बरा आहे" एवढंच लिहिलंत. बरा म्हणजे किती बरा? चढताना दुखतो की उतरताना, आणि पहिल्या पायरीला की शेवटच्या, हे कळल्याशिवाय मला काही अंदाज बांधता येत नाही. ताईने नवा चष्मा केला का? केला नसेल तर तिला सांगा, की दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते ही मोठेपणाची नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची वेळ झाल्याची खूण आहे. आम्ही इकडे ठीक आहोत. माझं वजन एकोणसत्तर किलो चारशे ग्रॅम, आमच्या सौ.चं तिने सांगू दिलेलं नाही.

खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही आणि ताई एकदम बोलता, आणि त्या गोंधळात आकड्यांचा जीव जातो. गुरुवारी बारकीने तुम्हाला "कारखान्यात डिंकाचा जरा घोळ झाला" असं सांगितलं, ते मी शेजारच्या खोलीतून ऐकलं. (मी मुद्दाम ऐकत नव्हतो. या घराच्या भिंती पातळ आहेत, नऊ सेंटिमीटर.) तर भाऊजी, त्या वाक्यातला "जरा" हा शब्द आठशे चाळीस किलो वजनाचा आहे. अर्धवट ऐकून तुम्ही काळजी करत बसण्यापेक्षा पूर्ण ऐकून काळजी केलेली बरी, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी क्रमाने लिहिण्याची मला सवय आहे. तुमची मुलगी, म्हणजे माझी भाची, म्हणजे बारकी (पाच फूट सात इंच, तरी बारकीच), केमिकल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला परदेशी आली. सहा महिने इथल्या विद्यापीठात, सहा महिने एखाद्या कारखान्यात, असं ते वर्ष. मी सव्वीस वर्षांपूर्वी याच गावात येऊन राहिलेला असल्यामुळे ती आमच्याकडे उतरली, हे ओघानेच आलं. पुढे तिला विद्यापीठाने जो कारखाना दिला तो आमचाच निघाला, हे मात्र ओघाने आलं नाही, त्यासाठी मी मॅनेजरबाईंना तीन वेळा भेटलो. तेव्हा तुम्ही पलीकडून म्हणाला होतात, "मामाच्या कारखान्यात? तिथे तिला शिकवणार कोण?" ताईने फोनवर हात ठेवला, पण तिला साधारण दीड सेकंद उशीर झाला. मी मनात ठेवलेलं नाही. फक्त नोंद म्हणून लिहितो, की मी नववीतून शाळा सोडली हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की वाफ, झडपा, पंप आणि उष्णता या विषयांवरची चौदा जाड पुस्तकं मी शब्दकोश मांडीवर घेऊन, परक्या भाषेत, शेवटच्या सूचीसकट वाचली आहेत. सूची कोणी वाचत नाही. तुम्हीही वाचली नसेल.

पहिले सहा महिने छान गेले. बारकी सकाळी विद्यापीठात जायची, संध्याकाळी येऊन मामीच्या किटलीतून किती उष्णता वाया जाते याचं गणित करायची. मामी म्हणाली, "वाया जात नाही गं, माझी बोटं शेकतात." ते बारकीने वहीत लिहून घेतलं. मला तेव्हाच वाटलं, ही पोरगी पुढे जाणार. मग तिची कारखान्यातली सहामाही सुरू झाली आणि मॅनेजरबाईंनी तिचा मार्गदर्शक म्हणून कागदावर माझं नाव घातलं. मार्गदर्शक हा शब्द मी त्या भाषेच्या शब्दकोशात पुन्हा एकदा पाहून घेतला. अर्थ तोच होता.

आमच्याकडे बाटल्यांची लेबलं आणि कागदी पिशव्या चिकटवायचा डिंक होतो. तो ज्या भांड्यात शिजतो त्याला आम्ही म्हातारी म्हणतो, कारण ती कारखान्यातली सगळ्यात जुनी, आणि तिची मर्जी सांभाळावी लागते. पिठाचा लगदा गरम होत असतो, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडायचं, की लगदा दाटायला लागतो. बरोबर तेवीस सेकंदांनी वाफ बंद करून थंड पाण्याची झडप उघडायची. लवकर उघडली तर डिंक पाण्यासारखा राहतो आणि बाटल्यांची लेबलं गळून पडतात. उशीर झाला तर काय होतं ते पुढे येतंच आहे. आता तुम्ही म्हणाल (इंजिनियर आहात, म्हणणारच), की घड्याळ का नाही लावत? लावलं होतं. वाफेने काचेवर असं दव धरतं की त्यात वेळ नाही, स्वतःचं तोंड दिसतं. मनगटी घड्याळाची आणि फोनची तिथे सक्त मनाई आहे, कारण माझ्या आधीच्या मुकादमाचं घड्याळ म्हातारीत पडलं होतं आणि ते पुढे कुठल्या बाटलीवर गेलं ते आजवर कळलेलं नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांपूर्वी माझी पद्धत बसवली. सोडा पडला की मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायला सुरुवात करायची, "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद" झालं की झडप. ना जास्त, ना कमी.

तुम्ही हसाल म्हणून सांगतो, बारकीनेही आधी हसूनच घेतलं. मग ती खिडकीबाहेर, जिथे घड्याळ चालतं तिथे, उभी राहिली आणि तिने माझ्या चाळीस घाण्यांचे सेकंद मोजले. (घाणा म्हणजे भांड्याची एक खेप.) साडेबावीसच्या खाली एकही नाही, साडेतेवीसच्या वर एकही नाही. तिने त्याचा आलेख काढला. आलेख म्हणजे जवळजवळ सरळ रेघच होती. तिने अहवालात त्यावर एक अख्खं पान लिहिलं आणि मला दाखवलं. मी ते पान दोनदा वाचून परत दिलं आणि अंगणात जाऊन काही कारण नसताना सायकल पुसली.

आता खरी अडचण अशी, की तुमच्या शाळेत (तुम्ही निवडलेल्या) तिला बाराच्या पुढे पाढेच शिकवलेले नाहीत. मी ठरवलं, म्हातारीवर एकटीने उभं राहायचं तर एकोणतीसचा पाढा तोंडावर हवा. मी तो मोठ्या अक्षरात कागदावर लिहिला, प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि म्हातारीशेजारच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला लावला. (तिच्या डोळ्यांच्या, माझ्या नव्हे.) तीन आठवडे बसच्या थांब्यावर, भांडी विसळताना, बूट घालताना आम्ही दोघं मिळून पाढा म्हणत होतो. मी पुढे, ती मागे. नियम एकच, माझा जुना: एक आकडा जरी चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात. मधूनच पुढे रेटायचं नाही. ज्याला मध्ये रेटायची सवय लागते त्याचे सेकंद बिघडतात. मामी म्हणाली, "अहो, पोरगी इंजिनियर व्हायला आली आहे की दुकानात बसायला?" मी तिकडे लक्ष दिलं नाही. तीन आठवड्यांत बारकी माझ्याबरोबर असा पाढा म्हणायला लागली, की बसमधली एक म्हातारी बाई आमच्या तालावर मान हलवायची.

मग तो मंगळवार आला. मला वर बोलावलं होतं. कारखान्यात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक फलक आहे, त्यावर पंचवीस वर्षांहून जास्त काम केलेल्यांचे फोटो लावतात. माझा एक वर्ष उशिराच लागत होता, पण मी काही बोललो नव्हतो. (एकदाच बोललो होतो.) दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी फोटोवाल्यासमोर बसलो. हनुवटी वर करा, जरा खाली, आता डावीकडे, असं तो अकरा मिनिटं करत होता. त्या अकरा मिनिटांत खाली बारकी पहिल्यांदाच एकटीने म्हातारीवर उभी होती. मीच परवानगी दिली होती. फोटो काढून खाली येतो तर मॅनेजरबाई भांड्याच्या कडेला हात टेकून आत बघत होत्या, आणि ढवळायचा लाकडी दांडा म्हातारीच्या मधोमध, कोणीही न धरता, सरळ उभा होता. म्हातारीच्या आतलं पातं फिरवणाऱ्या मोटरच्या नोंदपट्टीवर दिसतं की सोडा पडल्यावर एक मिनिट अकरा सेकंदांनी मोटर अडकून बंद पडली. तेवीसच्या जागी एकाहत्तर. तो आठशे चाळीस किलोंचा दगड फोडायला सहा माणसं दोन दिवस छिन्नी घेऊन आत उतरत होती. दांडा शेवटी करवतीने कापला.

बारकीला इजा काही झाली नाही, हे मी खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण क्रमाने लिहिण्याच्या नादात राहून गेलं. बोटालासुद्धा लागलं नाही. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, "पाढा विसरले मामा, सारखी पहिल्यापासून सुरुवात करत राहिले." आणि हेच तिने अहवालात लिहिलं आहे. लक्ष विचलित झालं, चूक माझी, एवढी दोन वाक्यं.

आता मुद्द्यावर येतो. तिच्या विद्यापीठाने, म्हणजे तुमच्याकडच्या, एक फॉर्म पाठवला आहे. तो मार्गदर्शकाने, म्हणजे मी, भरायचा आहे. प्रश्न क्रमांक चौदा: अपघाताचं कारण काय? विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा असेल तर तिची ही सहामाही धरली जाणार नाही. कारण माहीत नाही असं लिहिलं तरी धरली जाणार नाही. आणि परदेशातली सहामाही पुन्हा देत नाहीत, म्हणजे तिचं सरळ वर्ष जातं, तिच्या बरोबरीची मुलं पुढे निघून जातात आणि ती मागे राहते. काहीतरी तिसरं कारण मिळालं, आणि ते पुराव्याने पटलं, तरच सुटका. फॉर्म तिच्या अहवालासोबत तीन आठवड्यांच्या आत टाकायचा आहे.

तेव्हापासून मी तिसरं कारण शोधतो आहे. निष्काळजी ती नाही, हे मी छातीठोक सांगतो. मग दुसरं काय? आधी मी पिठावर संशय घेतला, पोतं दमट असणार म्हटलं. बारकीने स्वतः पीठ वाळवून वजन केलं आणि सांगितलं, पीठ उत्तम आहे. मग मी सोड्याच्या पाण्यावर गेलो, ते तीव्र पडलं असणार. तिने तेही तपासलं, अगदी बरोबर. मग वाफेचा दाब. तिने सहा महिन्यांचे दाबाचे तक्ते काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मामा, दाबाला कशाला बोल लावतोस, तो बिचारा जागचा हललासुद्धा नाही." म्हणजे मी तिच्या बाजूने वकिली करायची आणि तिनेच माझा एकेक साक्षीदार फोडायचा, असं चार दिवस चाललं आहे. ही सचोटी कुठून आली हे मी विचारत नाही. तुम्ही एकदा स्वतःच्या लग्नात स्वतःचं वय दोन महिन्यांनी दुरुस्त करवून घेतलं होतं, ते मला आठवतं.

तर भाऊजी, तुमच्याकडे पदवी आहे, ती चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलेलीही आहे. सरकारी कागदांवर तुम्ही आयुष्यभर अशा घटनांची कारणं लिहिलेली आहेत. (पाणीपुरवठ्यात काहीच आपोआप बिघडत नाही, पण कागदावर सगळं आपोआपच बिघडतं, हे तुमचंच वाक्य.) प्रश्न चौदामध्ये काय लिहावं याची दोन-चार चांगली वाक्यं तुम्ही मला लगेच कळवावीत, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. माझी पद्धत सव्वीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही, तेव्हा तिचा संबंध नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवून लिहा.

ताईला नमस्कार. गुडघ्याला शेक देताना पाणी किती गरम घेता ते कळवा, अंदाजे नको, थर्मामीटरने.

तुमचा,
बारकीचा मामा

ता. क. १ : पाकीट संपलं आहे. बारकीच्या टेबलावर असेल, ती उठली की मागतो, म्हणजे पत्र उद्या दुपारच्या टपालाने निघेल.

ता. क. २ : पत्र दुपारी निघालं नाही. आज सोमवार, संध्याकाळचे सहा. काल पावणेनऊला बारकी उठून आंघोळीला गेली म्हणून मी पाकीट स्वतःच शोधायला गेलो आणि तिच्या उष्णतेच्या पुस्तकातून एक कागद खाली पडला. भिंतीवर मी लावलेला पाढा. सफाईवाल्या बाईने काढून फेकला असेल असं मला वाटत होतं. त्यात एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, ठीक. त्याखाली एकोणतीस साते दोनशे तेरा, आणि त्या दोनशे तेराभोवती पेन्सिलीने एक बारीक गोल. मी उभ्याउभ्या बेरीज केली. मग बसून केली. मग आकडे एकाखाली एक मांडून केली. चारही वेळा दोनशे तीन आले. (चौथ्यांदा मी वरून खाली न करता खालून वर केली.) तुम्ही म्हणाल सव्वीस वर्षं मग डिंक झाला कसा? डिंकाला बेरीज येत नाही, भाऊजी. दोनशे तीन म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दोनशे तेरा म्हणायला लागतो. दिवसाला दोन घाणे, वर्षाचे दोनशे चाळीस दिवस, म्हणजे बारा हजार चारशे ऐंशी वेळा मी ते चुकीचं म्हटलं आणि बारा हजार चारशे ऐंशी वेळा लेबलं चिकटली. पण जिला बेरीज येते ती समोर उभी राहिली. माझ्याबरोबर म्हणताना ती नुसती ताल धरत होती. एकटी पडल्यावर पहिल्यांदा तिने मनात मिळवून पाहिलं. भिंतीवर मामाचे दोनशे तेरा, डोक्यात तिचे दोनशे तीन. वाटलं, आपलंच चुकलं. आणि चुकलं की पहिल्यापासून, हा माझाच नियम. तीन वेळा ती त्याच जागी येऊन मागे फिरली, म्हातारी दाटत गेली आणि चौथ्यांदा कागदाकडे नीट बघेपर्यंत मोटर बसली. ती आंघोळीहून आली तेव्हा मी कागद हातात घेऊनच बसलो होतो. विचारलं, कळलं होतं तर बोलली का नाहीस? केस पुसत म्हणाली, "वर तुझा फोटो लागत होता ना, मामा." नंतर दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो. मामीने येऊन विचारलं, कोण गेलं?

ता. क. ३ : मंगळवार सकाळ. वर मी मागितलेली दोन-चार वाक्यं आता पाठवू नका. फॉर्म मी भरला, काळ्या शाईने. प्रश्न चौदा: "मार्गदर्शकाने लिहून दिलेला पाढा सातव्या ओळीत चुकीचा होता. विद्यार्थिनीचा बरोबर होता." सोबत कागद जोडला आहे, पेन्सिलीच्या गोलासकट. मॅनेजरबाईंचा शिक्का हवा होता म्हणून त्यांना पाढा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं. त्यांना ऐकायचाच होता, म्हणून त्यांच्या टेबलासमोर उभं राहून मी पूर्ण म्हणून दाखवला, दोनशे तीनसकट. तेवीस सेकंद लागले. त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, फोटो राहू दे.

ता. क. ४ : आता जे खरं काम आहे ते. बारकी तिची दोन वाक्यं मागे घ्यायला तयार नाही. माझ्या फॉर्मवर एक कारण आणि तिच्या अहवालात दुसरं, असं गेलं तर विद्यापीठ तिच्या शब्दावर जाईल आणि वर्ष बुडेल. मी समजावलं, मामीने समजावलं. ती म्हणते, "मामा, तुला सव्वीस वर्षं झाली, मला अजून एकही नाही, मी एक पुन्हा करीन." या पोरीला माझं ऐकायची सवय मीच लावली आहे, आणि नेमकं याच वेळी ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तेव्हा पत्र मिळताच फोन करा, ताईला बाजूला बसवा, आणि बाप म्हणून तिला बजावून सांगा की अहवाल फाडून नव्याने लिही आणि जे झालं तेच लिही. तिने "मामाला वाईट वाटेल" असं म्हटलं, तर सांगा की मामाला वाईट वाटून झालं आहे, रविवारी पावणेनऊपासून सोमवारी सहापर्यंत. आणि तिथे तुला शिकवणार कोण असं तिला गमतीने विचारलंत, तरी चालेल. या खेपेला उत्तर मी नीट कान लावून ऐकेन, शेजारच्या खोलीतून.